चार हजारांत पाच अ‍ॅप

पहिलं कर्ज मी जून २०२३ मध्ये घेतलं, कंपनीच्या कँटीनमध्ये बसून, कपातला चहा गार व्हायच्या आत. मुलाची फी, गणवेश, व्हॅनवाल्याचे दोन महिन्यांचे आगाऊ पैसे असं सगळं एकदम अंगावर आलं होतं आणि पगाराला अकरा दिवस होते. आधार, पॅन, एक सेल्फी, झालं. मंजूर १०,०००. खात्यात आले ८,२३०. प्रोसेसिंग फी १,५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे २७० आधीच कापलेले. तीस दिवसांनी भरायचे १०,३००.

हिशेब तेव्हा केला नाही, सात महिन्यांनी केला. हातात ८,२३० आणि वर २,०७०, म्हणजे महिन्याला शेकडा पंचवीस. गावाकडचा सावकार शेकडा पाच घेतो म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्यांतला मी. बरं, लपवलेलंही काही नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे कर्जाबरोबर एक माहितीपत्रक यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. माझ्या मेलमध्ये ते आलेलं होतं. तीनशेच्या वरचा आकडा होता. मी नुसतं ‘मान्य’ दाबलं होतं.

माझा पगार हातात २६,८००. त्यातून एकदम १०,३०० गेले की महिना विसाव्या तारखेलाच संपतो. मग दुसरं अ‍ॅप. दुसऱ्याचं फेडायला तिसरं. मध्येच एकाने ‘मुदतवाढ’ नावाचं बटण दिलं. दीड-दोन हजार भरा, तीस दिवस पुढे ढकला. ते बटण दिसलं की मला हायसं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते. पाच महिन्यांत मुदतवाढीचे १४,२०० रुपये भरले आणि मुद्दल एका रुपयाने हललं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पाच अ‍ॅप झाली होती. सहावं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून उतरवलं. प्ले स्टोअरवर ते नव्हतंच, आणि तिथेच मी थांबायला हवं होतं. साठ दिवसांच्या आत सगळं फेडायला लावणारी कर्ज-अ‍ॅप गूगल आपल्या दुकानात ठेवू देत नाही, म्हणून ही मंडळी अशी मागच्या दाराने येतात. ६,००० मंजूर, हातात ३,६००, मुदत सात दिवस. फोनमधली नावं बघायची परवानगी मागितली, दिली.

सहाव्या दिवशी सकाळी माझा आधारवरचा फोटो, वर लाल अक्षरांत ‘चोर’, असा संदेश माझ्या ओळखीच्यांना गेला. सासऱ्यांना गेला. शिफ्टच्या साहेबांना गेला. फोनमध्ये ‘गॅसवाला’ म्हणून सेव्ह केलेल्या माणसालाही गेला. तो पुढचं सिलिंडर द्यायला आला तेव्हा काही बोलला नाही, फक्त आधी पैसे मागितले. त्या पोराने तीन वर्षांत कधी आधी पैसे मागितले नव्हते.

बायकोला माझ्याकडून नाही, तिच्या वडिलांच्या फोनवरून कळलं. ती भांडली नाही. ब्लाऊजला हुक लावत होती, लावतच राहिली. मग म्हणाली, “रविवारी ताईंकडे जाऊ.”

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आकुर्डीला असते. तिच्या गल्लीतल्या बचत गटाची ती सचिव. दर महिन्याच्या बैठकीला बायका दोनशे-दोनशे जमा करतात, ज्या बाईला नड असेल तिला त्यातून कर्ज मिळतं, आणि सगळं एका लांबट वहीत ताईच्या अक्षरात असतं. मी मनात ठरवूनच गेलो होतो, हिच्या नावावर गटातून पन्नास हजार काढायला सांगू. चहा व्हायच्या आधीच बोलून टाकलं. ताई म्हणाली, “त्या पैशात धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत. त्यांनी तुझ्या मोबाइलचे हप्ते भरायचे का?” मग वही आणायला आत गेली.

तिने पान आडवं धरलं आणि चार रकाने पाडले. हातात किती आले, आजपर्यंत किती भरले, आज किती मागतात, मुद्दल किती. अ‍ॅपांची नावं तिच्या लक्षात राहीनात, म्हणून ती रंगावरून ओळखायला लागली. केशरी, निळं, हिरवं, जांभळं, पिवळं. केशरीवाले २३,००० मागत होते, निळे १८,६००, हिरवे १४,९००, जांभळे १२,२००, पिवळे ९,७००. बेरीज ७८,४००. मी इतके दिवस स्वतःला ‘पन्नासेक हजार असतील’ असं सांगत होतो. सहाव्या अ‍ॅपला तिने रंग दिला नाही. वेगळ्या पानावर लिहिलं आणि म्हणाली, “ह्याचं नंतर बघू, हे कर्ज नाही.”

मग घरखर्च. बायकोच्या शिवणाचे सरासरी चार हजार धरून आमचे ३०,८०० होतात. भाडं ७,५००, किराणा-दूध-भाजी ९,५००, गाडीचा हप्ता २,९००, शाळा आणि व्हॅन २,३००, आईला गावी २,०००, लाइट-गॅस १,९००, पेट्रोल १,६००, मोबाइल ६००. शिल्लक २,५००. मी म्हटलं, ओव्हरटाइमचे दोन-अडीच हजार मिळतात, ते धर. ताईने पेन खाली ठेवलं. गटात कर्ज मागायला आलेल्या बाईला त्या एकच प्रश्न विचारतात म्हणे, वाईट महिन्यात हप्ता कुठून भरशील? चांगल्या महिन्याचा हिशेब कुणीही सांगतो. ओव्हरटाइम धरायचा नाही. उलट मोशीहून चाकणला गाडीऐवजी कंपनीच्या बसने जायचं, डिश बंद, रविवारची बाहेरची मिसळ बंद. अशी ओढाताण करून आकडा ४,००० वर आला आणि तिने तो चौकटीत लिहिला.

आता हे चार हजार पाच जणांत वाटायचे. मला वाटत होतं, जो जास्त शिव्या देतो त्याला जास्त द्यावेत. ताईने साधा हिश्श्याचा हिशेब केला. ज्याचं येणं जेवढं मोठं, तेवढा त्याचा वाटा. केशरीला १,२००, निळ्याला ९५०, हिरव्याला ७५०, जांभळ्याला ६००, पिवळ्याला ५००. उद्या कुणी विचारलं, त्याला एवढे आणि मला कमी का, तर वही उघडून दाखवता येतं. प्रत्यक्षात कुणी तसं विचारलं नाही, पण फोनवर बोलताना माझा आवाज त्यामुळे बदलला एवढं खरं.

दुसरी गोष्ट भाचीच्या लक्षात आली, ती बी.कॉम.ला आहे. अ‍ॅप म्हणजे कर्ज देणारा नव्हे. मागे कुठली तरी वित्तसंस्था असते, तिचं नाव त्याच न वाचलेल्या माहितीपत्रकात असतं आणि तक्रार-निवारण अधिकाऱ्याचा मेल पत्ताही तिथेच. अ‍ॅपच्या चॅटमध्ये मी दोन महिने गयावया करत होतो, तिथे यंत्र उत्तर देत होतं. पाचही संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या निघाल्या. सहाव्याच्या मागे कुणीच सापडलं नाही.

मेल मी लिहिला तो चार परिच्छेदांचा. आईचं आजारपण, महागाई, मुलाची शाळा. भाची वाचून म्हणाली, “मामा, मेलमध्ये एवढं रडायचं नसतं.” तिने सात ओळी ठेवल्या. कर्ज क्रमांक, हातात आलेली रक्कम, आजवर भरलेले पैसे, महिन्याचं उत्पन्न आणि खर्च, दर महिन्याच्या १० तारखेला इतके भरू शकतो, दंड थांबवून मुद्दल आणि रास्त व्याजावर हप्ते बांधून द्या, उत्तर लेखी द्या. सोबत पगारपत्रक. शेवटी मी ‘आपला कृपाभिलाषी’ घातलं होतं, तेही तिने काढलं.

१० तारखेला कारण होतं. आमचा पगार ७ ला होतो आणि अ‍ॅपांचे ऑटो-डेबिट ५ तारखेला खात्यावर आदळायचे. खात्यात पैसे नाहीत, परत. प्रत्येक परतीला माझी बँक ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० कापायची. जानेवारीत तीनदा कापले, १,७७०. पहिल्या कर्जाची फी कापली होती तेवढेच, अगदी रुपयाला रुपया. ती ऑटो-डेबिटं बंद करायला बँकेत दोन चकरा झाल्या, कारण पहिल्या दिवशी काउंटरवर अर्ज कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बंद करण्याआधी पाचही संस्थांना तसं मेलने कळवलं. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. पण खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट कायद्यात २५ वं कलम आहे, चेक परत जाण्यासारखंच. फोनवरची पोरं ‘४२० लागेल, पोलीस निघालेत’ म्हणतात त्याला घाबरायचं कारण नव्हतं, ह्या कलमाची मात्र आम्ही काळजी घेतली.

पहिले तीन महिने अवघड गेले. फोन सकाळी सात वाजल्यापासून. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक होतं. मी त्यांच्याशी त्यावरून वाद घातला नाही. वहीत तारीख, वेळ, नंबर लिहीत गेलो. बोलायचं वाक्य एकच, “मेल पाठवलाय, त्यात आकडा आहे, उत्तर मेलवर द्या.” तोंडात बसायला वेळ लागला. एक जण फार गोड बोलायचा. “भैया, आज सिर्फ पाँच सौ डाल दो, मैं होल्ड करवा देता हूँ.” एकदा कंपनीच्या संडासात उभं राहून मी पाठवले ते पाचशे. दंडात जमा झाले, मुद्दलात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. ताईला सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण वही जुळेना. तिने त्या पाचशेपुढे लिहिलं, ‘भीतीचे’. अजून आहे ते पानावर.

हिरवेवाले सर्वांत आधी वळले. बारा दिवसांनी उत्तर आलं, दंड माफ, १२,६०० बारा हप्त्यांत, महिना १,०५०. आम्ही ७५० म्हटले होते. ताईने बाकीचे आकडे बघून होकार दिला. केशरीने २२,८०० वर १,२०० चे एकोणीस हप्ते बांधले. पिवळ्याकडची बाई फोनवर लगेच हो म्हणाली, ५०० चे सतरा, पण मेल पाठवायला महिना लावला. तो महिनाभर रोज फोन, “आपने बोला था, भरो ना.” मी नाही भरले. मेल आला, त्या एप्रिलपासून सुरू केले.

निळे मात्र ऐकेनात. दंडावर व्याज लावून आकडा वाढवतच होते. तक्रार अधिकाऱ्याला मेल करून तीस दिवस उलटले, काही नाही. मग मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार घातली. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही, मोबाइलवरून तासाभराचं काम. सोबत फोनच्या वेळांचं पान जोडलं. थकबाकीचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश होता, तो भाचीने शोधून लिहिला. जूनमध्ये निळ्यांकडून एक वयस्क आवाजाचे गृहस्थ बोलले, मराठीत, अहो-जाहो करून. १६,००० वर तडजोड, हजाराचे सोळा हप्ते. सहा महिन्यांत मला ‘अहो’ म्हणणारा हा पहिला माणूस. मी फोनवरच थँक्यू म्हणून मोकळा झालो आणि मग आठवण झाली, म्हटलं, मेल करा.

मध्येच एकाने गाठलं होतं, ‘कर्जमुक्ती करून देतो’ म्हणणारा. त्याची फी एकूण कर्जाच्या बारा टक्के, आणि तोवर कुणाचाही फोन उचलायचा नाही. ताईने त्याला फोनवर विचारलं, तुम्ही नेमकं काय करणार? तो म्हणाला, मेल पाठवणार.

सहाव्या अ‍ॅपचं आधीच उरकलं होतं. दिले त्यांनी ३,६००, त्याहून जास्त माझ्याकडून आठवड्याभरात उकळले होते. फोटो गेला त्याच आठवड्यात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट काढून ठेवले, मग अ‍ॅप उडवलं, पासवर्ड बदलले. सगळ्या ओळखीच्यांना स्वतः एक ओळ पाठवली, ‘माझ्या नावाने फोटो आला असेल तर ती फसवणूक आहे, पैसे देऊ नका.’ ही ओळ पाठवायला मला रात्रभर लागली. शिफ्टच्या साहेबांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. त्यांच्या मेव्हण्यालाही आला होता असाच. त्यानंतर महिनाभर वेगवेगळ्या नंबरांवरून धमक्या आल्या, एक पैसा दिला नाही, हळूहळू थांबल्या.

जुलै २०२४ मध्ये बायकोला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात. ओव्हरटाइमचे बाजूला ठेवलेले सात हजार त्यात गेले. तेव्हा मला ताईचं ते पेन खाली ठेवणं आठवलं. हप्त्यांत ओव्हरटाइम धरला असता तर त्या महिन्यात चारही हप्ते चुकले असते आणि बांधून दिलेले करार मोडले असते. एकच हप्ता आठ दिवस मागे-पुढे झाला, केशरीचा. तारखेच्या आधी मेल केला होता, त्यांनी दंड लावला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हिरवं संपलं. मोकळे झालेले १,०५० मला गाडीच्या टायरला हवे होते. ताईने ते केशरीला लावले. जूनमध्ये केशरी संपलं, त्याचेही पैसे धरून जुलैमध्ये निळं. ऑगस्टच्या १० तारखेला पिवळ्याचे शेवटचे पाचशे. प्रत्येकाकडून काही येणं नसल्याचं पत्र घेतलं. तरीही पिवळ्यांनी माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, थकबाकी तशीच दाखवली होती. दुरुस्तीचा अर्ज तीस दिवसांत निकाली निघाला नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम आम्ही अर्जात लिहिला. चोविसाव्या दिवशी ‘क्लोज्ड’ झालं.

जांभळं राहिलं सांगायचं. ते हप्त्याला कधीच तयार झाले नाहीत. एकरकमी द्या, ६,५०० मध्ये मिटवतो, असं लेखी दिलं. १२,२०० चं ६,५०० मध्ये मिटतंय म्हणून मी खूश होतो. २०२४ च्या दिवाळीचा बोनस आला तो तिथे घातला. ताई म्हणत होती, घाई करू नको, रिपोर्टवर काय लिहिणार ते विचार. नाही विचारलं. रिपोर्टवर आलं ‘सेटल्ड’. म्हणजे फेडलं नाही, तोडपाणी केली. बाकी चार ‘क्लोज्ड’ आणि मध्ये हे एक.

त्याचा परिणाम कळला गेल्या ऑक्टोबरमध्ये, फ्रीज घ्यायला गेलो तेव्हा. दुकानातल्या पोराने हप्त्यासाठी माझा पॅन टाकला, पडदा बघितला आणि म्हणाला, “काका, कॅशमध्ये बघता का?” निगडीच्या एका दुकानातून जुना घेतला, सहा हजारांत, रोख. आवाज करतो, पण बर्फ धरतो.

जांभळ्यांना विचारलं, उरलेलं मुद्दल भरलं तर ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून द्याल का? फोनवरची मुलगी लगेच म्हणाली, हो सर, ३,५०० लगेच भरा, लिंक पाठवते. लिंक आलीसुद्धा, बोलणं संपायच्या आत. पैसे माझ्याकडे आहेत, ओव्हरटाइमचे. मी म्हटलं, हेच मेलवर लिहून द्या. तीन आठवडे झाले, मेल आलेला नाही. लिंक तेवढी रोज सकाळी येते.